बटण माझं, लाइटर तुमचा

जुईनगर,
९ जानेवारी २०२५

ती. मालतीताई,

तुमच्या धाकट्या जावेचा, वैजूचा नमस्कार. तुमचं दिवाळीचं पत्र आलं आणि उत्तर द्यायला संक्रांत उजाडली, त्याबद्दल आधीच कान पकडते. फोन केला असता, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. मग तुमचा सयाजी मध्ये उभा राहणार आणि माझं एकेक वाक्य तुमच्या कानाशी ओरडून सांगणार. आपलं बोलणं सगळ्या कोरेगावला ऐकवण्यापेक्षा पत्र बरं. तुम्ही गावी गेल्यापासून सतरा वर्षं आपण कागदावरच बोलतोय आणि काही अडलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्याकडे गॅस पेटवायला कोणता लाइटर आहे? हसू नका. दिवाळीपासून माझे चार लाइटर वाया गेले. पहिला लाल प्लॅस्टिकचा, स्टेशनजवळच्या टपरीवरचा. नवव्या दिवशी रुसला. दुसरा पिस्तुलासारखा, घोडा दाबायचा. तो आणला तेव्हा हे म्हणाले, ‘आता शेजारणींनी जपून राहावं.’ तोही महिनाभरात बसला. तिसरा निशांतने ऑनलाइन मागवला, मोबाइलसारखा वायरीला लावून चार्ज करायचा. त्याच्या टोकाला जांभळा दोरा निघतो आणि टिर्र आवाज येतो. पण त्याचं बटण ज्वारीच्या दाण्याएवढं, आणि ते लागोपाठ पाचदा दाबल्याशिवाय स्वारी जागी होत नाही. तेवढ्यात भुकेलं माणूस हॉटेलात जाऊन जेवून येईल. चौथ्यावर दोन वर्षांची गॅरंटी लिहिली होती. दोन आठवडे चालला. हल्ली काही म्हणजे काही टिकत नाही. काडेपेटी घेतली तर काड्याही मोडक्याच.

हे म्हणतात, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ यांना काय, आयता चहा हातात येतो.

आपला तो स्टीलचा लाइटर आठवतो का? या घरात पहिल्यांदा गॅस आला तेव्हा मोठ्या भाऊजींनी मार्केटमधून येताना आणला होता. सोळा वर्षं चालला! तुम्ही गावी गेलात आणि त्याच वर्षी तोही गेला. तसा मिळाला तर मला हवा आहे.

तिळाचे लाडू वेगळ्या डब्यातून पाठवते आहे. पाक माझा, पण वळायला या वेळी ह्यांना बसवलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, कधीतरी हात चालू द्या म्हटलं. आकार बघून कोणी वळलेत ते कळेलच.

आणखी एक बातमी. निशांत-गीतांजलीने तळवलीला मोठा फ्लॅट घेतलाय. निशांतचं महाप्याचं ऑफिस तिथून जवळ. मे महिन्यात आम्ही चौघंही तिकडे जाऊ. नव्या स्वयंपाकघरात काय कुठे बसवायचं याची सूनबाईंची रोज चित्रं चालू असतात.

घरात हा एकच कागद उरला होता, म्हणून बारीक लिहिलंय. सांभाळून घ्या.

तुमची,
वैजू

*

कोरेगाव,
१८ जानेवारी २०२५

चि. वैजूस,

मालतीचा आशीर्वाद. लाडू मिळाले. दिलीपभावजींनी वळलेले म्हणून अर्धे लाडू लंबगोल, अर्धे चपटे. पण चव तुझी आहे. त्यांना सांग, वहिनीने पास केलं.

लाइटरचं म्हणशील तर तुम्ही शहरातली माणसं वेष्टण बघून वस्तू घेता, तिथेच फसता. मी सांगते तसं घे. दुकानात उभं राहून दहा वेळा दाबून बघ. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. लोक टक् आवाज ऐकून खूश होतात. मला आवाजाचं काय! मी पदराखाली अंधार करून ठिणगी बघते. निळी, जाड आणि दर वेळी एकाच जागी पडली पाहिजे. पिवळसर आणि इकडेतिकडे उडणारी असेल तर ठेव खाली. दुसरं, अंगठ्याला विचार. दाबताना स्प्रिंग सरळ खाली जाऊन आतून एकच ठोका बसला पाहिजे. अडकत अडकत गेला तर तो वर्षभरही राहत नाही. तिसरं, घरी आणल्यावर त्याला ओट्यावर आडवा टाकू नको. फोडणीचं तेल आणि पातेल्याची वाफ हेच लाइटरचे वैरी. खिळ्याला उलटा टांग आणि आठवड्याला कोरड्या फडक्याने तोंड पूस. आपला स्टीलचा सोळा वर्षं चालला तो असाच.

हे सगळं तुला ठाऊक आहे. मीच तुला शिकवलंय. म्हणून तर मला नवल वाटलं. चार लाइटर चार महिने पुरत नाहीत असं होतं कसं? खरं सांग, गीतांजली आपटते का? आजकालच्या मुली कामावरून दमून येतात, हातात असेल ते आपटतात. की त्या नव्या घराचं तुझ्या मनात काही आहे आणि राग लाइटरवर निघतो? मोकळेपणाने लिही. माझ्याकडून कुठे जायचंय?

आपल्या बाजारात तसाच स्टीलचा मिळाला. मी अकरा पारखून बारावा घेतला. सोबत पाठवते आहे.

आणि कागद संपला तर दुसरा आण. मुंग्यांची रांग लिहून ठेवलीस. चष्मा दोनदा पुसावा लागला.

मालती

*

जुईनगर,
२ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,

लाइटर मिळाला. काय सुरेख आहे! एका दाबात पेटतो. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खिळ्याला उलटा टांगलाय. आता लाइटरची काळजी मिटली.

गीतांजलीबद्दल असं मनात आणू नका. पोरगी गुणाची आहे. हल्ली तर माझ्या आधी उठते आणि सकाळचा चहा तीच ठेवते. मी स्वयंपाकघरात जाते तेव्हा शेगडी पेटलेलीच असते. मी म्हटलं, ‘अगं, तुला ऑफिस आहे, झोप की.’ तर म्हणते, ‘मला जाग येतेच आई.’

तुम्ही मनातलं विचारलंत म्हणून लिहिते. परवा तिने मोबाइलवर नव्या घरासाठी एक शेगडी दाखवली. काचेची, काळीभोर, आपोआप पेटणारी. म्हणाली, ‘आई, तिकडे तुम्हाला लाइटरच नको.’ बोलली हसून, पण माझ्या मनात आलं, आज लाइटर नको, उद्या वैजयंतीबाई, तुम्हीही नकोत. वेडेपणा आहे, कळतं मला.

ताई, आपल्या सासूबाई आठवतात का तुम्हाला? आत्याबाई दूध उतू घालायला लागल्या, त्यांच्या हातून आमटीचं पातेलं पडलं, तेव्हा आपण दोघी त्यांना किती प्रेमाने म्हणालो होतो, ‘आत्याबाई, तुम्ही बसा आता. आम्ही आहोत ना.’ त्या बसल्या. आधी तांदूळ निवडायच्या, मग तेही निवडेनाशा झाल्या. एकदा मला म्हणाल्या होत्या, ‘चुलीवरनं उठिवलेली बाई आपल्याच घरात पावनी हुती गं.’ मी तेव्हा नुसती हसले होते. हल्ली ते सारखं आठवतं. का कोण जाणे.

असो. आपल्याला काय झालंय! हे पत्र ह्यांच्याकडे टाकायला देते आहे. बाकी क्षेम.

वैजू

(घडीवर, दुसऱ्या अक्षरात)

वहिनी, दिलीपचा नमस्कार. हिने पत्र चिकटवायला दिलं, म्हणून दोन ओळी. तुमचा लाइटर मी स्वतः दाबून पाहिला, झकास आहे, तोफ! हिच्या हातात मात्र तिसऱ्याच दिवशी बिघडला म्हणे. मी पुन्हा दाबला तर चालू! तुमच्या जावेपुढे लाइटरसुद्धा घाबरतो, दुसरं काय. तब्येत सांभाळा.

*

कोरेगाव,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. वैजू,

हे पत्र एकटी असताना वाच.

तू लिहिलंस, एका दाबात पेटतो. भावजींनी लिहिलं, तिसऱ्या दिवशी बिघडला. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि भावजींना तर खोटं बोलता येत नाही. मग मी काय केलं सांगू? तुझी पत्रं माझ्या पेटीत आहेत, सगळी. गेल्या चार वर्षांची काढली आणि गादीवर ओळीने मांडली. सुनेला वाटलं, म्हातारी आवराआवर करतेय.

तीन वर्षांपूर्वीचं तुझं अक्षर चांगलं हरभऱ्याएवढं आहे. गेल्या वर्षीचं मुगाएवढं. आताचं खसखशीसारखं. ओळीच्या सुरुवातीला बरं असतं आणि शेवटाला जाईपर्यंत आखडत जातं. कागद संपल्यामुळे असं होत नाही, वैजू. तुझ्या या शेवटच्या पत्राचा अर्धा कागद तर कोराच होता.

लाडू तू वळले नाहीस, कारण तुझ्याने वळवेनात. काड्या मोडक्या नव्हत्या. चारही लाइटर चांगले होते आणि माझा पाचवाही चांगला आहे. तुझा अंगठा खाली जात नाही. मी गीतांजलीवर संशय घेतला, ते माझं चुकलं. देवाने माझे कान नेले, पण डोळे ठेवलेत. ते आधीच वापरायला हवे होते.

आता तुला भीती कशाची आहे तेही मला कळतं. आत्याबाईंना उठवलं त्यात माझाही हात होता, आणि तो तुझ्याहून मोठा होता. आपण वाईट मनाने केलं नाही, पण चुकलो. त्यांना उठवायला नको होतं. त्यांच्या शेजारी उभं राहायला हवं होतं. हे मला कसं माहीत? कारण तू माझ्या शेजारी उभी राहिली होतीस.

नवा गॅस आला होता. मला फुस्स आवाज ऐकू यायचा नाही. बटण फिरवलेलं आहे हे ध्यानात न येता मी लाइटर शोधत राहिले आणि दाबला तेव्हा भडका उडाला. माझी डावी भुवई जळाली, तू दारातून बघितलंस. मी म्हटलं, लाइटरच बेकार आहे. आठवतं? मीही तेच म्हटलं होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी तू काही न विचारता माझ्या शेजारी उभी राहिलीस आणि म्हणालीस, ‘ताई, बटण माझं, लाइटर तुमचा.’ तू बटणाला हात लावून मान हलवायचीस, मग मी दाबायची. घरातल्यांना वाटायचं, या जावा-जावांचं एकमेकींवाचून पान हलत नाही. माझ्या कानांबद्दल तू कुणाजवळ अवाक्षर काढलं नाहीस. सहा वर्षं.

पुढचं लिहिताना मला जड जातंय, पण लिहिते. सहा वर्षांनी सयाजी मागून हाका मारत रडत होता आणि मी वळले नाही, तेव्हा यांना कळलं. डॉक्टर म्हणाले, ‘आधी आला असता तर थोडं तरी वाचलं असतं.’ मी तुला हे कधीच सांगितलं नव्हतं, कारण तू माया केली होतीस. पण वैजू, त्या मायेत माझे कान गेले. तुला दोष देत नाही. लपवायला तुला मीच डोळ्यांनी विनवलं होतं.

म्हणून आता मी तुझं लपवणार नाही. डॉक्टरला हात दाखव आणि घरात सांग. पंधरा दिवस देते. नाहीतर मी गीतांजलीला लिहीन.

तुझी,
मालती

*

जुईनगर,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. ताईंस नमस्कार.

थंडीने बोटं आखडली होती. आता ऊन वाढतंय, बरी होतील. बासष्टाव्या वर्षी सगळ्यांचीच आखडतात.

तुमच्या कानांचं खापर इतक्या वर्षांनी माझ्यावर फोडाल असं वाटलं नव्हतं. मी तेव्हा अठ्ठावीस-तीस वर्षांची होते. मला जे सुचलं ते केलं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी झाकलेलीच राहू द्या. गीतांजलीला काही लिहू नका. तेवढं ऐकाल ही अपेक्षा.

वैजयंती

*

कोरेगाव,
१२ मार्च २०२५

चि. वैजू,

वैजयंती अशी सही केलीस. सतरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणजे बाण वर्मी लागला. मला वाईट वाटलं, पण लिहिलेलं मागे घेत नाही.

झाकली मूठ म्हणतेस. अगं, मूठच मिटत नाही, तर झाकतेस काय?

पंधरा दिवस होऊन गेले. मी गीतांजलीला पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पत्ता घातला. सयाजी टाकायला निघाला आणि मी उंबऱ्यातून त्याला परत बोलावलं. तुझ्या पाठीमागून तुझ्या सुनेशी बोलणं माझ्याने होईना. ते पत्र सोबत तुलाच पाठवते आहे, न चिकटवता. वाच. वाटलं तर तिला दे, नाही वाटलं तर फाडून टाक. माझं धमकावणं संपलं.

रागावलीस तरी पत्र टाकत जा. दोन ओळींचं, मुंग्यांच्या रांगेचं, कसलंही.

ताई

(सोबतचा कागद)

चि. गीतांजलीस आशीर्वाद. मी तुझी मोठी चुलतसासू. तुझ्या सासूच्या उजव्या हाताला काहीतरी झालंय. ती तुला सांगत नाही, कारण तू तिला प्रेमाने ‘बसा’ म्हणशील याची तिला धास्ती आहे. आम्ही आमच्या सासूला तसं बसवलं होतं. तू तिला डॉक्टरकडे ने. पण घरी आल्यावर शेगडीवरून उठवू नको. ती बटण फिरवू शकते. तू फक्त शेजारी उभी राहून लाइटर दाब. एवढंच काम आहे. आमच्या घरात ते सोळा वर्षं चाललं आणि कुणाचा स्वयंपाक अडला नाही.

*

जुईनगर,
१४ एप्रिल २०२५

ती. ताई,

अक्षर वेगळं दिसतंय ना? मी बोलतेय आणि गीतांजली लिहितेय. ती म्हणाली, आई, जसं बोलाल तसंच लिहीन, काटछाट करणार नाही. तेव्हा जपूनच बोलायला हवं.

तुमचं पाकीट मी डाळीच्या डब्याखाली ठेवलं. दहा-बारा दिवस रोज डाळ काढताना ते दिसायचं आणि रोज मी डबा परत त्यावर ठेवायची. पाडव्याच्या दिवशी पुरण घालायचं होतं. गीतांजली अंघोळीला गेली होती. म्हटलं, ती यायच्या आत डाळ शिजत टाकू. बटण फिरवलं, लाइटर धरला. अंगठा काही केल्या खाली जाईना. तळव्याने दाबून बघितला, मग ओट्यावर टेकवून दाबला. तेवढ्यात वास घरभर झाला. घाबरून मी बटण बंद केलं आणि तिथेच खाली बसले. सणासुदीची रडत होते ताई, लहान पोरीसारखी.

गीतांजली ओल्या केसांनी तशीच धावत आली. खिडक्या उघडल्या आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली. मग मी डाळीचा डबा उचलायला सांगितला आणि म्हटलं, ‘खाली पाकीट आहे, तुझ्यासाठी आलंय.’

तिने वाचलं. उठून आपल्या खोलीत गेली आणि बुटांचं एक खोकं घेऊन आली. त्यात माझे लाइटर होते. लाल प्लॅस्टिकचा, पिस्तूल, चार्जिंगचा, गॅरंटीवाला, चारही. मी कचऱ्यात टाकले होते आणि तिने दर वेळी काढून घेतले होते. तिने एकेक दाबून दाखवला. चारही चालू.

मी म्हटलं, ‘तुला ठाऊक होतं, मग बोलली का नाहीस?’ तर म्हणते, ‘मी विचारलं असतं तर तुम्ही आपण होऊन उठला असता आई. म्हणून मी ती आपोआप पेटणारी शेगडी शोधत होते. म्हणून सकाळी आधी उठत होते.’

म्हणजे बघा! मला वाटायचं, ही मला उठवायला निघालीय, आणि ही बिचारी मी उठू नये म्हणून धडपडत होती. ताई, मी या पोरीला मनातल्या मनात किती बोलले असेन!

(काकू, मी गीतांजली. हे वाक्य लिहायला आईंनी दोनदा सांगितलं, म्हणून लिहिलं. मलाही रडू आलं होतं, ते त्या सांगत नाहीयेत.)

मग आम्ही दोघी उठलो. बटण मी फिरवलं, मान हलवली आणि तिने तुमचा लाइटर दाबला. खरोखरच एका दाबात पेटला. मी मागे खोटं लिहिलं होतं, ते असं खरं झालं. पुरणपोळ्या तिने लाटल्या. पुरण जिकडेतिकडे डोकावत होतं, पण हे सहा जेवले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे गेलो. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं मिटायला-उघडायला लावली, मग एक वाक्य पाचदा लिहायला सांगितलं. कंपवात आहे म्हणाले. मी म्हटलं, ‘पण माझा हात कापत नाही!’ ते म्हणाले, ‘सगळ्यांचा आधी कापतोच असं नाही. कुणाचं अक्षर बारीक होत जातं. तुमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं?’ हे आणि निशांत एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, ‘घरात नाही. कोरेगावात.’ डॉक्टरांना तुमच्याकडची जुनी पत्रं बघायची आहेत. हरभऱ्याचं एक आणि मुगाचं एक पाठवा. खसखस माझ्याकडे आहे.

गोळ्या सुरू झाल्यात. आजार पुरता जायचा नाही, ते त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण वेळेत आलात म्हणाले, पुष्कळ दिवस चांगले काढता येतील. आणि विचारलं, कणीक कोण मळतं? मी घाबरत घाबरत म्हटलं, मीच. तर म्हणाले, ‘सोडू नका. तुमच्या हातांना तोच व्यायाम.’ ताई, मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं!

शेगडीचं सांगायचं राहिलं. आम्ही चौघं वाशीला दुकानात गेलो. ती काचेची बघितली. तिचं बटण आत दाबून धरायचं आणि धरल्या धरल्या फिरवायचं. पुन्हा अंगठाच आला! तेव्हा साधी दोन बर्नरची घेतली, मोठ्या बटणांची, तळव्यानेसुद्धा फिरतात. निशांत म्हणाला, ‘आई, नवीन फ्लॅटमध्ये ही?’ गीतांजली म्हणाली, ‘हीच.’

सकाळ-संध्याकाळ ती माझ्या शेजारी असते. दुपारी ती ऑफिसात, तेव्हा ‘अहो’ म्हणून हाक मारते. हे पेपर टाकून येतात. मी बटणाला हात लावायच्या आधीच तीनदा दाबतात आणि ‘का पेटत नाही’ म्हणून लाइटरकडे रागाने बघतात. मी म्हणते, ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ आता माझी पाळी आहे.

ताई, तुमच्या कानांबद्दल मी रागाने लिहिलं, ते मनातून पुसून टाका. तुमचं बरोबर होतं. मी तेव्हा मोठ्या भाऊजींना सांगायला हवं होतं. मला वाटायचं, मी तुम्हाला सांभाळतेय. माफ करा. गीतांजलीने वाशीच्या कानाच्या डॉक्टरची मे महिन्यातली तारीख तुमच्यासाठी घेऊन ठेवलीय. हल्ली बरीच चांगली यंत्रं आली आहेत म्हणे. निशांत गाडी घेऊन तुम्हाला आणायला येईल. नाही म्हणू नका, नाहीतर मी सयाजीच्या बायकोला पत्र लिहीन. पंधरा दिवस देते!

नव्या घरात दूध आपण दोघींनी उतू घालायचं. बटण माझं, लाइटर तुमचा.

आता गीतांजली, तो कागद इकडे दे.

(पुढे मोठ्या, वाकड्या अक्षरात, दुरेघी कागदावर)

ताई,
डॉक्टरांनी रोज
मोठं मोठं
लिहायला सांगितलंय.
हा आजचा धडा.
बघा, कागदभर
दहा-अकरा ओळीच मावतात.
आता चष्मा पुसावा लागला,
तर दोष माझ्या अक्षराचा नाही.

तुमची,
वैजू